न गेलेली बदकं

"बिचारी!" कुत्रेवाली बाई म्हणाली. "दक्षिणेला जायचं राहूनच गेलेलं दिसतंय यांचं."

आणि अकिनिसीने चक्क मान डोलावली. वर "हो ना," असंही म्हणाली. बाई आपल्या कुत्र्याला ओढत पुढे गेली, कुत्र्याच्या चारी पायांत लाल रबरी बूट होते, आणि ओटावा नदीच्या काठावर अकिनिसी एकटी उभी राहिली ती आपल्याच मानेवर संतापून. ही मान कुणाला विचारून डोलली? घरी, तिकडे उत्तरेच्या गोठणाऱ्या समुद्रातल्या बेटांवर, हो म्हणायला कुणी मान डोलवत नाही. नुसत्या भुवया वर करतात. नाही म्हणायचं तर नाक आक्रसतात. मान डोलवायची ही खोड इथली, दक्षिणेची, आणि ती कधी अंगात शिरली ते तिला कळलंसुद्धा नव्हतं. समोर खडकांवरून पाणी उसळत होतं म्हणून तेवढाच पट्टा गोठला नव्हता. बाकी नदी या काठापासून त्या काठापर्यंत पांढरी, टणक, तिच्यावर लोकांनी स्कीच्या रेघा मारून ठेवलेल्या. त्या काळ्या पाण्यावर वाफ होती, आणि वाफेत बदकं. पिवळ्या डोळ्यांची, गोल डोक्याची, जरा आखूड मानेची. एक बुडालं, लगेच शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं, रांगेत उभी असल्यासारखी एकामागून एक सगळी खाली गेली आणि पाणी रिकामं झालं. मग बुचासारखी एकेक वर आली, अंग झटकलं, आणि प्रवाहाने जेवढं खाली ओढलं होतं तेवढं पोहत परत आपल्या जागी आली. कुणी कुणाला सांगायला गेलं नाही. कुरकुर नाही, काही नाही. बिचारी म्हणे! पंख आहेत त्यांना. जायचं असतं तर गेली असती. बिचारी काय म्हणून? आणि हे एवढं साधं वाक्य त्या बाईला ऐकवायचं सोडून आपण नंदीबैलासारखी मान हलवली, याने अकिनिसीच्या अंगाचा तिळपापड झाला. नाकातले केस थंडीने ताठ झाले होते. तरी तिला आत कुठेतरी गरम गरम वाटत होतं, शरमेने.

ती मुद्दाम लवकर आली होती. वर रस्त्यापलीकडे म्हाताऱ्यांचं घर होतं, चार मजली, विटांचं, आणि तिसऱ्या मजल्यावर तिचे वडील, जोआनासी, शरद संपता संपता आणून ठेवलेले होते. दुपारी ब्रिजिट नावाच्या बाईबरोबर बैठक होती. म्हाताऱ्या माणसांच्या डोक्याचा अंदाज घेणं हे ब्रिजिटचं काम, आणि आज ठरायचं होतं की जोआनासीला परत घरी पाठवायचं की कायमचं इथेच ठेवायचं. सकाळीच पॉलुसीचा, तिच्या धाकट्या भावाचा, फोन येऊन गेला होता. "आजी, काय ठरवलंस मग? ठेवतेस की आणतेस?" पॉलुसी तिला आजीच म्हणतो. त्याचा काय दोष, ती त्याची आजीच आहे. वडिलांची आई वारली आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात ही जन्मली, तिचं नाव हिला दिलं, आणि नाव दिलं म्हणजे नुसती हाक दिली असं तिकडे कुणी समजत नाही. नावाबरोबर माणूस येतो. तेव्हापासून जोआनासी आपल्या मुलीला 'आई' म्हणत आला आणि मुलगी बापाला 'पोरा' म्हणत आली. चालायला लागली तेव्हा, दात पडले तेव्हा, शाळेत जायला नको म्हणून तिने दाराशी लोळण घेतली तेव्हासुद्धा तो बापडा म्हणायचा, "अगं आई, ऊठ गं, असं काय करतेस!" आणि शेजारपाजारचे हसायचे, पण त्यात चुकीचं काही आहे म्हणून नव्हे. एवढ्या मोठ्या माणसाची आई एवढीशी, याचंच हसू.

"माझ्याकडे जागा नाही, आजी, तुला माहितीये," पॉलुसी म्हणाला होता. "पोरं जमिनीवर झोपतात. आणि हा बाहेर पळतो. सांगून जात नाही. त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार? मी कामावर असतो." मग हळूच, "पण इथे त्याची खुर्ची रिकामी आहे. ते मला बघवत नाही."

नोव्हेंबरात जोआनासी एकटाच बर्फावरची गाडी घेऊन उघड्या पाण्याकडे गेला होता. बेटांच्या मध्ये जिथे समुद्राला ओढ असते तिथे हिवाळाभर बर्फ धरत नाही, आणि तिथेच मितिक बदकं राहतात. तिकडची बदकं, थोराड, जड, नराची पाठ पांढरी आणि मानेवर हिरवट झाक. म्हातारा कडेला बसून राहिला. गाडी सुरू होईना. शोधायला गेलेल्यांना तो सापडला तेव्हा आनंदात होता म्हणे, फक्त डाव्या हाताची दोन बोटं काळी पडली होती. ती इथे आणून काढावी लागली. "तिथे काय करत होतात?" असं ब्रिजिटने विचारलं तर म्हणाला, "बसलो होतो." "कशासाठी?" "बदकं बसली होती म्हणून." अकिनिसीने भाषांतर केलं. ब्रिजिटने सावकाश लिहून घेतलं.

ती गेल्या गुरुवारची बैठक. दुभाषी आजारी पडला म्हणून अकिनिसीनेच दोन्हीकडचं बोलणं पोचवलं होतं, आणि तेच आता तिला सलत होतं. ब्रिजिट वाईट बाई नव्हे. मऊ आवाजाची, गळ्यात विणलेला निळा रुमाल. तिने जोआनासीला विचारलं, तुम्ही नीट झोपता का, तर त्याने भुवया वर केल्या. भूक लागते का? भुवया. ब्रिजिट थांबून राहिली, मग पुढच्या प्रश्नाकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावरून अकिनिसीला दिसत होतं की तिच्या लेखी म्हाताऱ्याने उत्तरच दिलेलं नाही. मग तिने अकिनिसीकडे बोट केलं. ह्या कोण आहेत, ओळखता? जोआनासीला गंमत वाटली. "ओळखत नाही तर काय! माझी आई." ब्रिजिटने मान एका बाजूला कलती केली. आई तुमच्याहून मोठी की लहान? "मोठीच की. आई आहे ती." आणि तिचा जन्म कधीचा? तेव्हा तो जरा वैतागून अकिनिसीकडे वळला. "आई, ही पोरगी असं काय विचारते? आयांचा जन्म आपल्या आधी होतो हे हिला माहीत नाही का?" अकिनिसीने प्रत्येक शब्द बरोबर पोचवला. एकही गाळला नाही, आणि एकही जास्तीचा घातला नाही. ते दोनतीन शब्द घातले असते, की आमच्याकडे नावाने नातं लागतं, मी याच्या आईच्या नावाची आहे, की सगळं सरळ झालं असतं. ब्रिजिटने विचारलं, "हे तुम्हाला नेहमीच आई म्हणतात?" आणि अकिनिसी म्हणाली, "नेहमीच." ते खरंच होतं. म्हणून तर ते जास्त टोचत होतं.

का गप्प बसलो आपण? पाण्याकडे बघत तिने स्वतःला नीट विचारलं, कारण वर जाण्याआधी एवढं तरी ठरवायला हवं होतं. भीतीने, आणखी कशाने! तिकडे दवाखान्यात नर्स आहे, डॉक्टर येतो तो कधीमधी, विमान उतरेल की नाही ते धुकं ठरवतं. इथे भिंतीतून गरम हवा येते. लिफ्ट आहे. दर रविवारी ती येऊन त्याचे केस विंचरू शकते. पंचवीसेक वर्षं झाली तिला घर सोडून. शिकायला म्हणून आली, मग शहरातल्या आपल्याच लोकांच्या मुलांच्या पाळणाघरात नोकरी लागली, मग वर्षं अशीच सरली. उन्हाळ्यात ती तिकडे जायची. हिवाळ्यात कधीच नाही. यावर म्हातारा तिला फोनवर छेडायचा. "काय कलहंसबाई, आलात का? अंडी घालून लगेच निघालात का?" कलहंसांना तिकडे पाहुणे समजतात. येतात, खातात, कलकलाट करतात, थंडी पडायला लागली की वरच्या वर पसार. लोक त्यांना खातातही आवडीने, पण मान देतात तो मितिकला. मितिक जात नाही. सील जात नाही. आणि आपण जात नाही, असं म्हणून जोआनासी छातीवर एक थाप मारायचा, त्या थापेचा आवाज तिला फोनमधूनही ऐकू यायचा.

तो तोरा त्याला आईकडून आला होता, म्हणजे तिच्याचकडून, पहिल्या अकिनिसीकडून. लहानपणी तिने ती गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की आता तिला ती स्वतःची आठवण वाटायची. बेटांवरची हरणं पहिल्या अकिनिसीच्याही आधी संपली होती. इतर किनाऱ्यांवरचे आपले लोक हरणाच्या कातड्यात, आणि बेटांवरची माणसं बदकांच्या. मितिक बदकाचं कातडं पिसांसकट सोलायचं आणि त्याच्या आतली चरबी बायकांनी तोंडाने ओढून काढायची, ओठांनी, दातांनी, थोडी थोडी, फाटू न देता. बायकांचे ओठ हिवाळाभर चकाकत असायचे. मग पाठीचं कातडं पाठीवर, छातीचं छातीवर, एकेक जोडत असा अंगरखा शिवायचा की वारा आत शिरायला जागा नाही. अकिनिसीने स्वतः एकदा, आठनऊ वर्षांची असताना, ते चरबीचं काम करून पाहिलं होतं आणि अंगणभर ओकली होती. तेव्हा तिच्या खऱ्या आईने डोक्याला हात लावला, आणि जोआनासी म्हणाला होता, "राहू दे, तिने मागच्या खेपेला पुष्कळ केलंय." मागच्या खेपेला, म्हणजे मागच्या जन्मी. किती सहज म्हणाला होता. तिला तेव्हा असं वाटलं होतं की आपल्या पाठीशी कुणीतरी मोठं, खमकं उभं आहे, आणि ते कुणीतरी आपणच आहोत.

आणि मग तो हिवाळा. जोआनासी आईच्या पाठीवर, तिच्या अंगरख्याला मागे मूल ठेवायला शिवलेल्या मोठ्या टोपडीत, अजून चालतही नव्हता. नवरा समुद्राने नेलेला. वारा पडला तो पडलाच. थंडी नुसती येऊन बसली, हालेना, आणि उघडं पाणी कडेकडेने मिटायला लागलं. मितिक मधोमध सरकत गेली. शेवटी अंगणाएवढ्या पाण्यात पाठीला पाठ लागून हजारो बदकं, आणि तेवढं पाणी उघडं राहिलं ते केवळ त्यांनी पाय हलवणं थांबवलं नाही म्हणून. अशा पाण्यात अडकलं की मितिकला उडता येत नाही. जड पक्षी, त्याला धावायला लांब पाणी लागतं. कडेची थिजली. वस्तीवरचे लोक भुकेले होते आणि समोर हाताने उचलावं एवढं मांस. पण त्या पहिल्या अकिनिसीने पहार घेतली आणि बर्फाची कड फोडायला लागली. रोज, उजेड असेतो. कडेला मेलेली मिळतील तेवढी उचलायची, जिवंत एकही मारायचं नाही, आणि कड फोडत राहायची. लोकांनी तिला वेड्यात काढलं. नवरा गेला, बाईचं डोकं फिरलं, म्हणाले. कुणी तिच्या हातची पहार ओढायला आला तर ती म्हणाली, "ही सगळी आज खाल्लीस तर पुढच्या हिवाळ्यात अंगावर काय घालशील? माझा परकर?" शेवटी दुसऱ्याही एक-दोघी आल्या. मग पुरुष आले, जरा लाजत. आणि मग एके दिवशी वारा सुटला, बर्फाला लांब चीर गेली, आणि बदकं धावली आणि उठली. जोआनासी म्हणायचा, ती माझी पहिली आठवण. दिसलं काही नाही, टोपडीत तोंड होतं. नुसता आवाज, आणि आईच्या पाठीचं हलणं.

काठावर उभ्या अकिनिसीला एकदम थंडी वाजली. दुपार झाली होती. पिशवीतला गोठलेला मासा तिने चाचपला, तिकडून आलेला, लाल मांसाचा, आणि ती वर गेली.

जोआनासी खिडकीशी बसला होता. समोर ताटात उकडलेली गाजरं जशीच्या तशी.

"आलीस आई? बरं झालं. हे बघ, मला ससा समजतात."

"खायचं की रे पोरा दोन घास."

"खाल्लं असतं. पण गाजराला तोंड नाही, डोळा नाही. कुणाला खातोय तेच कळत नाही." मग त्याला माशाचा वास आला आणि चेहरा उजळला. तिने अर्धचंद्राच्या आकाराची आपली सुरी काढली, खाली पुठ्ठा पसरला, आणि दोघं जमिनीवर बसली. पातळ पातळ काप जिभेवर विरघळत होते. डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी तो भराभर उचलत होता. आहे हे एवढं त्याला पुरायचं. गेलेल्या बोटांबद्दल तो अवाक्षर बोलला नव्हता, एकदाच म्हणाला होता की पुढे गेली आहेत, जागा धरायला.

"खाली उघडं पाणी आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून वाफ बघतोय. कोण आहे तिथं?"

"बदकं आहेत. मितिक नव्हेत, दुसरी. लहान."

"मग चल ना. इथली माणसं भेटली, आता बदकं भेटू दे."

तिने त्याला दोन स्वेटर घातले, त्यावर कोट, कानावर टोपी. लिफ्टमध्ये तो आरशात स्वतःला बघून हसला. काठावर त्याने तिचा आधार सोडला आणि नुसता उभा राहिला, गुडघे थोडे वाकवून, बर्फावर उभं राहतात तसा.  त्याचा चेहरा तिने तीन महिन्यांत असा पाहिला नव्हता. पाणी उसळलं की भुवया वर जात होत्या, जणू पाणी काही विचारत होतं आणि तो हो म्हणत होता.

"छोटी आहेत," तो म्हणाला, "पण अक्कल आहे. बघ, आता ओढ वाढलीय तर कडेला येऊन बसली. उगीच झगडत नाहीत. चोच पाठीत घातली, एक पाय पोटात घेतला. खाल्लेलं आत भरडत बसायचं, त्यानेच ऊब येते. ओढ कमी झाली की परत खाली." मग जरा अभिमानाने, जसं काही स्वतःच्या नातवंडांबद्दल बोलावं, "शहरातली असून गेली नाहीत हं!"

"पोरा," ती म्हणाली, "नोव्हेंबरात तू तिथे का बसला होतास? खरं सांग."

"सांगितलं की."

"ते ब्रिजिटला सांगितलंस. मला सांग."

तो नाकातून हसला. "पॉलुसीच्या घरात टीव्ही दिवसभर ओरडतो. मला तो आवाज ऐकायचा होता. नर कसे करतात, आऽऊ, आऽऊ, सगळे मिळून, जसं कुणी गुपित सांगितल्यावर बायका करतात. ते ऐकत बसलो. गाडी बंद पडली हे चुकलंच. जायच्या आधी बघून घ्यायला हवी होती. आळस केला." गेलेल्या बोटांच्या जागी तो हातमोजा दुमडून घट्ट करत राहिला. "डोकं नाही गेलं माझं, आई. आळस केला एवढंच."

मग कडेच्या बदकांकडे बघतच त्याने विचारलं, "त्या दिवशी ती पोरगी तुझ्याकडे बोट दाखवून विचारत होती. मी तुला आई म्हटल्यावर तिचं तोंड असं का उतरलं? नावाचं सांगितलंस ना तू तिला?"

 खोटं बोलता आलं असतं. सांगितलं, पण तिला कळलं नाही, एवढं म्हटलं की झालं. म्हाताऱ्याने मानलंही असतं. तिने नाक आक्रसलं. नाही.

"विसरलीस?"

"नाही विसरले."

 ती वाट बघत राहिली की आता हा ओरडेल, थुंकेल, पाठ फिरवेल. त्याला भडकायला वेळ लागत नसे, तरणा असताना त्याने एकदा अख्खा तंबू पाडला होता रागाने. पाण्याचा खळखळाट चालू होता. जोआनासीने खांदे सैल सोडले आणि साध्या आवाजात म्हणाला, "बरं. आईने ठरवलं असेल तर काही विचार करूनच ठरवलं असेल. तू म्हणशील तसं."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. ती वाद घालू शकली असती, गुडघ्यांचं, धुक्याचं, नर्सचं सगळं त्याला ऐकवू शकली असती, मुलगी म्हणून. पण हा समोर उभा होता तो तिचा मुलगा, सत्तरी उलटलेला, नाकाला थेंब लागलेला, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. तिने गप्प राहून त्याला वेडा ठरवला होता, आणि तो त्या वेडातही राहायला तयार होता, तिने सांगितलं म्हणून. आयुष्यभर ती त्याची आई होती ती फुकटात. लाड करून घ्यायला आई, शाळा चुकवायला आई, मागच्या खेपेला पुष्कळ केलंय म्हणून चरबीचं काम टाळायला आई. आज पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याकडे आईचं काम मागत होतं. तिने कोटाच्या बाहीने त्याचं नाक पुसलं. त्याने पुसू दिलं. तेवढ्यात ओढ कमी झाली असावी, कारण कडेची बदकं एकामागून एक पाण्यात उतरली, आणि अकिनिसीला वाटलं की यांचं कौतुक करत काठावर उभं राहणं फार सोपं आहे, ती गेली पंचवीस वर्षं तेच करतेय.

ब्रिजिटची खोली गरम होती. टेबलावर रडणाऱ्यांसाठी कागदी रुमालांचा डबा. आज दुभाषी आला होता, एक तरुण, पण अकिनिसीने त्याला आपल्या भाषेत सांगितलं, तू थांब जरा, आधी मला बोलायचंय. मग ब्रिजिटकडे वळली. मोठ्या आवाजात बोलली, इतक्या की तिचा तिलाच दचका बसला.

"गुरुवारी मी तुम्हाला एक सांगितलं नाही. हे मला आई म्हणतात कारण मी यांची आई आहे. यांच्या आईचं नाव माझं आहे. आमच्याकडे नावाबरोबर नातं येतं. हे मला मी जन्मल्या दिवसापासून आई म्हणतात आणि मी यांना पोरा म्हणते. अख्ख्या गावात असंच चालतं. यांचं डोकं शाबूत आहे. भुवया वर केल्या ते सगळे हो होते."

ब्रिजिटने तरुणाकडे पाहिलं. त्याने भुवया वर केल्या, मग तिला कळणार नाही हे लक्षात येऊन घाईने म्हणाला, "खरंय. मी माझ्या पुतण्याला काका म्हणतो."

ब्रिजिट लाल झाली. तिने पेन खाली ठेवलं. "मला माफ करा," ती म्हणाली, आणि ते मनापासून होतं. "पण तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"मला तो इथे हवा होता. माझ्याजवळ."

"समजू शकते मी." ब्रिजिटने पेन परत उचललं. "खरं सांगायचं तर, त्याने माझ्या कागदावरची नोंद बदलते, प्रश्न नाही बदलत. दोन बोटं गेली आहेत. मुलाच्या घरी जागा नाही. ते शहाणे आहेत, मान्य. पण तिकडे, हिवाळ्यात, त्यांच्याकडे बघणार कोण?"

हा प्रश्न येणार हे अकिनिसीला माहीत होतं. काठावरून वर येताना प्रत्येक पायरीवर माहीत होतं. पाळणाघरातली पोरं तिला डोळ्यांपुढे दिसली, मोजे उलटे घातलेली. आपली खोली दिसली, खिडकीतली कुंडी, रात्री भिंतीत गुरगुरणारा गरम पाण्याचा नळ. तिकडचा डिसेंबर दिसला, जो तिने तरुणपणी शेवटचा पाहिला होता, आणि ज्याची तिला खरोखर, अगदी हाडापासून, भीती वाटत होती. पहार कशी धरतात तेही तिला येत नव्हतं. ती घाबरली आणि त्याच वेळी तिची पाठ ताठ झाली, आपोआप, पाठीवर कुणाला तरी घेतल्यासारखी.

"मी बघेन," ती म्हणाली. "मी जातेय त्याच्याबरोबर. गावात घर मागेन, मिळेपर्यंत पॉलुसीच्या पोरांशेजारी जमिनीवर झोपेन."

जोआनासी इतका वेळ एकीकडून दुसरीकडे बघत होता. त्याने तिची बाही ओढली. "काय चाललंय? काय विचारतेय ती?"

"विचारतेय, घरी तुझ्याकडे बघणार कोण."

"मग? तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, त्याची आई."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. त्याची हनुवटी हलली, आणि मग त्याने आपला तीन बोटांचा हात टेबलावर थाड्दिशी आपटला, कागदी रुमालांचा डबा उडून पडला, आणि ब्रिजिटकडे बघून तो मोठ्याने, तोऱ्यात काहीतरी बोलला. तरुण दुभाष्याने तोंड उघडलं, पण अकिनिसीने हात करून त्याला थांबवलं.

"ते म्हणतायत," तिने ब्रिजिटला सांगितलं, "की माझी आई फार खमकी बाई आहे, तिला शिवता येत नाही, सगळ्या गावाने एकदा तिला वेडी म्हटलं होतं, आणि तिने एकाचंही ऐकलं नाही." एकही शब्द न गाळता सांगितलं.